‘सॉख्त’: मिटलेल्या भांडणापासून जिवाच्या स्वस्थतेपर्यंत

एका भाषांतरकाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. जुन्या स्कॉट्स म्हणी आणि कथागीते मराठीत आणताना ‘सॉख्त’ हा शब्द पुन्हा पुन्हा आडवा येतो. एके ठिकाणी दोन सरदारांमध्ये ‘सॉख्त’ होतो, दुसरीकडे आजारी माणसाला तो मिळत नाही, तिसरीकडे एका म्हणीत तो गाईगुरांच्या शेजारी येऊन बसतो. कोशात ‘शांतता, समेट, आराम’ असे अर्थ स्वल्पविराम देऊन एका ओळीत मांडलेले. मग हा एकच शब्द आहे, की दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसू लागले? आणि मराठीत सगळीकडे ‘शांती’ लिहून चालेल का? शेजारी येणाऱ्या ‘गर्थ’, ‘रो’, ‘लाउन’ अशा शब्दांचे काय करायचे?

शब्द एकच आहे. ‘शांती’ मात्र चालणार नाही, निदान सगळीकडे तर नाहीच. जुन्या मजकुरांत तर बहुतेक वेळा ती अर्थाचा विचकाच करील. ‘शांती’ म्हटले की आपल्या मनात आधीपासून असलेली, कुणी न ढवळलेली स्थिती येते. ‘सॉख्त’ची सुरुवात भांडणापासून होते. ज्यांच्यात वैर नव्हते त्यांच्यात मुळात ‘सॉख्त’ होऊच शकत नसे.

आधी उच्चार आणि लिपी उरकून घेऊ. हे स्कॉट्स, म्हणजे स्कॉटलंडच्या सखल भागातली इंग्रजीची सख्खी बहीण. उत्तरेच्या डोंगराळ मुलखातली गेलिक हे निराळेच कूळ. स्कॉट्समध्ये ‘लॉख’ म्हणजे तळे, ‘निख्त’ म्हणजे रात्र. त्यांत घशातून खरवडून येणारा जो ख़ आहे तोच ‘सॉख्त’मध्ये. जुन्या हस्तलिखितांत याची चार-पाच तरी वळणे भेटतात: कुठे स्वर नुसता ‘आ’, कुठे ‘आउ’, कुठे मधले व्यंजन उत्तर इंग्लंडच्या पद्धतीने लिहिलेले. त्यामुळे डिजिटल प्रतीत एकच वर्णलेखन टाकून शोधाल तर अर्धे दाखले हातून निसटतील. आणि जाता जाता: आपल्या ‘सक्तमजुरी’तल्या ‘सक्त’च्या मुळाशी जो फारसी ‘सख़्त’ आहे, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. कानाला सारखे लागते इतकेच.

हा शब्द इंग्रजीत आणि पुढे स्कॉट्समध्ये आला तो उत्तरेच्या समुद्रावरून, व्हायकिंग वसाहतवाल्यांच्या तोंडून. जुन्या नॉर्समध्ये ‘साऽत्त’ म्हणजे तंटा मिटवून केलेला करार. आइसलँडमध्ये त्याचे वंशज आजही धडधाकट आहेत. १२६२ साली आइसलँडच्या लोकांनी नॉर्वेच्या राजाशी जो करार केला तो ‘गाम्ली साऽत्तमाऽली’, म्हणजे जुना करारनामा. आणि आज तिथे कामगार व मालक यांच्यातला वाद सोडवायला जो सरकारी मध्यस्थ असतो त्याच्या पदनामातही हाच शब्द आहे. साधारणपणे या शब्दाचे नाते फिर्याद करणे, वाद घालणे या अर्थाच्या जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, नॉर्स यांच्या सामायिक कुळातल्या) धातूशी लावले जाते. त्याच कुळातला जुन्या नॉर्सचा ‘सॉक’ म्हणजे खटला. जर्मनचा ‘झाख’ आता नुसती ‘बाब’ झाला आहे, आणि इंग्रजीत ‘कुणासाठी’ म्हणताना जो ‘सेक’ येतो त्याचाही जुना अर्थ दावा, खटला असाच. म्हणजे ‘सॉख्त’ हा खटल्याच्या घरातच जन्मलेला शब्द.

इथे भाषाशास्त्रातला एक बारकावा सांगायचा मोह आवरत नाही. आइसलँडच्या १३व्या शतकातल्या हस्तलिखितांत ‘त्त’ आहे, मधला ख़ गळून गेला आहे. जुन्या इंग्रजीत मात्र ‘साख्त’, ‘सेख्त’ अशी रूपे आहेत. नॉर्समध्ये ‘ख्त’चे ‘त्त’ होण्याआधीच इंग्रजीने तो शब्द उचलला, असा याचा अर्थ. देणाऱ्याच्या घरी जे व्यंजन हरवले ते घेणाऱ्याने जपून ठेवले, आणि स्कॉट्सने तर अगदी अलीकडेपर्यंत.

आता दाखले. अँग्लो-सॅक्सन बखरीत, म्हणजे जुन्या इंग्रजीतल्या सालवार वृत्तांतात, १०९१ सालची नोंद पाहा, कारण तिच्यात स्कॉटलंडचा राजाच आहे. तिसरा माल्कम आणि इंग्लंडचा दुसरा विल्यम सैन्ये घेऊन समोरासमोर आले. विल्यमचा भाऊ, नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट, आणि माल्कमचा मेहुणा एडगर यांनी मध्ये पडून ‘राजांचा सेख्त’ घडवला. त्यात काय ठरले हेही बखरकार सांगतो: माल्कमने येऊन विल्यमची मांडलिकी पत्करायची, विल्यमने त्याला जमीन द्यायची. पुढे तो म्हणतो की राजे मोठ्या सेख्ताने एकमेकांचा निरोप घेऊन निघाले, पण ते फार काळ टिकले नाही. खरेच टिकले नाही. नोव्हेंबर १०९३ मध्ये माल्कम ॲनिक इथे इंग्रजांच्या हातून मारला गेला. हे वाक्य तुम्ही ‘राजे मोठ्या शांततेने निघाले’ असे आणलेत तर मराठी वाचकाला दोन घोडेस्वार गुपचूप जाताना दिसतील. इथे ‘सलोखा’ किंवा ‘समेट’च हवा. ‘तह’ही चालेल, पण तहाला आपल्याकडे किल्ले आणि खंडणीचा वास आहे, सेख्तात दोघांचे मन जुळल्याचाही अंश आहे, निदान तसा आव तरी.

दुसरा दाखला याच बखरीच्या, पीटरबरोच्या मठात लिहिलेल्या शेवटच्या पानांतला. राजा स्टीफन आणि मटिल्डा यांच्या यादवीने इंग्लंड पिळून निघाले होते. १९ वर्षांच्या त्या हालांची हकीकत बखरकार सांगतो, आणि शेवटी ११५३ साली मटिल्डाचा मुलगा हेन्री आणि स्टीफन यांच्यात काय ठरले ते देतो: राजा जिवंत असेतो राजा, त्याच्यामागे हेन्री, आणि त्यांच्यात व साऱ्या इंग्लंडात ‘सिब आणि सेख्त’ असावा. ‘सिब’ म्हणजे नात्यातली, रक्ताची शांतता. ‘सेख्त’ म्हणजे ठरवून केलेली. आणि पुढे दोनचार वाक्यांतच तो लिहितो की लोकांनी ‘पाइस’ पाळायची शपथ घेतली. ‘पाइस’ हा फ्रेंच शब्द, आजच्या ‘पीस’चा पूर्वज. एका परिच्छेदात तिन्ही पिढ्या: जर्मानिक सिब, नॉर्स सेख्त, नवा फ्रेंच पाइस. पुढच्या ४०० वर्षांत कोण जिंकणार हे आपल्याला माहीत आहे, त्या साधूला माहीत नव्हते.

हे दोन्ही दाखले इंग्लंडातले आहेत, पण स्कॉट्सची वंशावळ इथूनच जाते. पहिल्या डेव्हिडने (११२४ ते ११५३) स्कॉटलंडात व्यापारी नगरे वसवली, तेव्हा तिथे जे लोक आले त्यांत उत्तर इंग्लंडचे पुष्कळ होते, आणि त्यांची बोली नॉर्स शब्दांनी भरलेली होती. गावकीच्या पंचांना स्कॉट्समध्ये ‘बर्लीमन’ म्हणत. तोही नॉर्स कायद्याचाच शब्द. ‘सॉख्त’ त्याच गाठोड्यातून आला.

तिथे त्याची गाठ पडली ती खुनाच्या बदल्याचे रीतसर गणित मांडणाऱ्या समाजाशी. ‘ब्रेट आणि स्कॉट यांचे कायदे’ म्हणून जी जुनी नियमावली आहे तिच्यात प्रत्येक माणसाच्या जिवाची किंमत, ‘क्रो’, ठरलेली होती: राजाची १,००० गाई, साध्या शेतकऱ्याची १६. पहिल्या एडवर्डने १३०५ साली ही पद्धत बंद करण्याचा हुकूम काढला. गाई गेल्या, पण तत्त्व राहिले. पुढची ३०० वर्षे स्कॉटलंडात वैर मिटवायचे म्हणजे मारणाऱ्याच्या घराण्याने मेलेल्याच्या घराण्याला भरपाई द्यायची, आणि मेलेल्याच्या नातलगांनी ‘लेटर ऑफ स्लेन्स’ नावाचे पत्र लिहून द्यायचे की आमचे समाधान झाले, आता मनात काही नाही. ते पत्र दाखवल्यावर राजाकडून माफी मिळण्याचा मार्ग मोकळा होई. १५९८ साली सहाव्या जेम्सच्या काळात वैरांवर जो कायदा झाला त्याने हे सारे राजाच्या न्यायाखाली ओढले, पण भरपाईचे तत्त्व त्यानेही पुसले नाही. इतके चिवट की ‘असाइथमेंट’ नावाचा हा दावा १९७२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एका खटल्यात चर्चेला आला, आणि शेवटी १९७६ च्या नुकसानभरपाई कायद्याने तो रद्द झाला.

‘असाइथ’ हा शब्द फ्रेंच ‘पुरेसे’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला. ‘सॉख्त’च्या कहाणीतला कळीचा सांधा इथेच आहे. ज्या कामासाठी तो जन्मला ते काम हळूहळू इतरांनी घेतले. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी राजाचा ‘पीस’, भरपाईसाठी ‘असाइथमेंट’, माफीसाठी लॅटिन वळणाचा ‘रेमिशन’. कचेरीतली खुर्ची गेली तशी ‘सॉख्त’ घरी आला. दोन माणसांमधला न राहता एकाच माणसाच्या आतला झाला: वादविवाद नाही, कटकट नाही, जिवाला स्वस्थता आहे. ‘आराम’ हा अर्थ असा आला. बाहेरचे भांडण मिटण्याचा शब्द आतली तगमग शमण्याला लावला गेला. दोन्ही अर्थ पुष्कळ काळ शेजारी शेजारी नांदले, म्हणून एखाद्या दाखल्याचे साल पाहून डोळे मिटून निर्णय घेऊ नका. उलट रूप ‘अनसॉख्त’ मदतीला घ्या: ते कुठे ‘वितुष्ट’ होते आणि कुठे ‘अस्वस्थ’, हे पाहिले की मूळ शब्दाचा तोल लक्षात येतो.

प्रमाण इंग्रजीतून हा शब्द नाहीसा झाला असे म्हणतात, पण पूर्णपणे नाही. जुन्या इंग्रजीत त्याचे ‘साख्तलियन’ असे क्रियापद होते, समेट घडवणे या अर्थाचे. ते ‘बसवणे’ या अर्थाच्या ‘सेत्लन’मध्ये मिसळून गेले. आज आपण ‘केस सेटल केली’ म्हणतो तेव्हा त्या ‘सेटल’च्या पोटात ‘सॉख्त’चाही अंश आहे.

आता म्हण. ‘बेटर सॉख्त वि लिटल ऑख्त दॅन केअर वि मोनी ए काऊ.’ हीच तुमची गुरांची जागा. ‘ऑख्त’ म्हणजे मालमत्ता, मालकीच्या वस्तू. सावध राहा, कारण स्कॉट्समध्ये ‘ऑख्त’ म्हणजे आठसुद्धा, आणि एका हौशी भाषांतरात मी ‘आठ लहान वस्तू’ असे वाचले आहे. म्हणीचा अर्थ: थोडके असून स्वस्थता बरी, पुष्कळ गाई असून घोर नको. यातला ‘सॉख्त’ उघडच आतला आहे, कारण त्याच्यासमोर ‘केअर’, म्हणजे काळजी, उभी केली आहे. माझा मसुदा असा राहील: ‘थोडं असावं, स्वस्थ असावं, दावणीला गाई नि जिवाला घोर नसावा.’ यमक गेले, पण बोली टिकली. ‘मीठभाकर’ घालून ही म्हण पूर्ण देशी करायची ओढ होईल. करू नका. गाय ही त्या मुलखात जिवाचीही किंमत मोजायचे नाणे होती, ती म्हणीत राहू द्या.

शेजारच्या शब्दांबद्दलही विचारले आहे, त्यांतला सर्वांत मोठा गोंधळ ‘गर्थ’चा. प्रमाण इंग्रजीत हा शब्द घेर, परीघ. पण जुन्या स्कॉट्समध्ये तो नॉर्स ‘ग्रिथ’ची अक्षरे उलटसुलट होऊन बनला आहे आणि त्याचा अर्थ अभय, आश्रयाची हद्द. ११४४ साली पहिल्या डेव्हिडने लेस्महेगोच्या मठाला सनद दिली, तिच्यात असे आहे की जीव वा हातपाय वाचवायला जो कोणी तिथे किंवा भोवतीच्या चार क्रूसांच्या आत येईल त्याला राजाचे अभय. एडिंबरोत होलिरूडच्या मठाचा ‘गर्थ’ पुढे कर्जबुडव्यांच्या कामी आला. कर्जासाठी तुरुंगात टाकायची पद्धत होती तोवर, म्हणजे १८८० पर्यंत, होलिरूडच्या हद्दीत शिरलेल्या कर्जदाराला सावकार हात लावू शकत नसे. हद्द बरीच ऐसपैस, आर्थर्स सीट ही टेकडीसुद्धा आत. अशा आश्रितांना गावकरी खोचकपणे ‘मठाचे जमीनदार’ म्हणत. रविवारी अटक करायला बंदी, म्हणून त्या दिवशी ही मंडळी शहरात जेवून-खाऊन मध्यरात्रीच्या आत परतत. थॉमस डी क्विन्सी हा निबंधकारही १८३०च्या दशकात तिथे राहिला. आजही होलिरूडच्या राजवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यात हद्दीच्या खुणेचे पितळी ‘एस’ अक्षर जडवलेले दिसते. तेव्हा कवितेत कोणी ‘गर्थ’ मागत असेल तर तो कमरेचा घेर नव्हे. मराठीत ‘अभय’ किंवा ‘आसरा’.

या ‘गर्थ’चे दुसरे प्रसिद्ध ठिकाण दक्षिण स्कॉटलंडच्या वेडेल खोऱ्यातले स्टो गाव.   

‘रो’ हा नॉर्समधून आलेला विसाव्याचा शब्द. ‘रेस्ट अँड रो’ अशी जोडी करून तो जुन्या पद्यात येतो, आपल्या ‘विसावा-आराम’सारखा. त्यात वेगळे काही शोधत बसू नका. मुलांच्या खेळातला ‘बार्ली’ही असाच सोपा: खेळ थांबवून क्षणभर सूट मागायची आरोळी, पूर्व स्कॉटलंडात चालणारी; पश्चिमेला त्याच जागी ‘कीज’ म्हणतात. आपल्याकडचे ‘टाइम प्लीज’.

‘लाउन’ मात्र मला फार आवडतो. नॉर्स ‘लोग्न’, वारा पडलेला असणे. स्कॉट्समध्ये भिंतीच्या आडोशाला वारा लागत नाही ती जागा ‘लाउन’, वादळ ओसरल्यावरची संध्याकाळ ‘लाउन’, आणि मग शांत बसलेले मनही ‘लाउन’. आपला ‘निवांत’ अगदी याच वाटेने आला आहे; संस्कृत ‘निवात’, जिथे वारा नाही ते. गीतेतला वारा नसलेल्या जागी न हलणारा दिवा तोच. भाषांतरात इतका नेमका जोड क्वचित मिळतो, म्हणून ‘निवांत’ हा शब्द ‘सॉख्त’वर खर्च करू नका. ‘लाउन’साठी राखून ठेवा. ‘लाउन’ भांडणातून येत नाही, तो हवामानातून येतो.

दिसायला सारखे पण परके असलेले शब्द: ‘सॉख’ म्हणजे वाळुंजाचे झाड. ‘सोख्त’ हे ‘शोधणे’चे भूतकाळी रूप. ‘सूख’ म्हणजे वाऱ्याचा सळसळाट, ज्यावरून ‘कीप अ काम सूख’, अर्थात तोंड बंद ठेव. जर्मन ‘झाख्त’ आणि डच ‘झाख्त’ पाहून ‘हळुवार’ अर्थ काढणारे लेख सापडतात. ते दोन्ही ‘सॉफ्ट’चे भाऊबंद आहेत, तिकडे ‘फ्त’चे ‘ख्त’ झाले इतकेच. आणि गेलिकमधला ‘शी’ हा तर पूर्ण वेगळ्या घरचा. त्याचा अर्थ शांतताही आणि पऱ्यांचे टेकाडही. ग्लेनशी या खोऱ्याच्या नावात तोच आहे.

कोश कसे वापरायचे? ‘सॉख्त’चा इतिहास दोन कोशांत तुटलेला आहे. १७०० पर्यंतची स्कॉट्स एका कोशात (१२ खंड, १९३१ ते २००२), १७०० नंतरची दुसऱ्यात (१० खंड, १९३१ ते १९७६). विल्यम क्रेगी या कोशकाराच्या १९१९च्या कल्पनेतून ही विभागणी आली. २००४ पासून दोन्ही एकत्र, फुकट, इंटरनेटवर आहेत. तरी नोंदी वेगवेगळ्याच उघडतात, आणि लोक पहिलीच वाचून थांबतात. जुन्या नोंदीत समेट दिसेल, नव्या नोंदीत आराम. सांधा तुम्हाला जोडावा लागेल.

जॉन जेमिसनचा १८०८चा कोश अजूनही दाखल्यांसाठी सोन्यासारखा आहे. फॉरफर गावात धर्मोपदेशक असताना त्याला ग्रिमुर थोर्केलिन हा आइसलँडचा विद्वान भेटला, आणि स्कॉट्स ही बिघडलेली इंग्रजी नव्हे, तिच्यातले कितीतरी शब्द आमच्याकडे आहेत, हे त्याने जेमिसनच्या मनावर ठसवले. ते खरेच होते. पण जेमिसन पुढे वाहवला: इंग्रजीला बगल देऊन स्कॉट्स थेट उत्तरेकडून, पिक्ट या स्कॉटलंडच्या प्राचीन लोकांकडून आली असा त्याने सिद्धांत मांडला. म्हणून त्याचे दाखले घ्या, व्युत्पत्ती दुसरीकडे तपासा.

याच कोशामुळे २०व्या शतकातल्या कवितेत एक वेगळी अडचण येते. १९२०च्या दशकापासून ह्यू मॅकडायर्मिड हा स्कॉट्स कवी जेमिसनचा कोश उघडून ओळीच्या ओळी रचत असे, आणि त्याच्या मागून आलेल्यांनीही ती वाट धरली. तेव्हा १९३० किंवा १९५०च्या कवितेत ‘सॉख्त’ दिसला तर तो कवीच्या आजीच्या तोंडचा असेलच असे नाही. बहुधा तो कोशातून उचललेला, मुद्दाम जुना वाटावा म्हणून ठेवलेला असतो. तिथे रोजच्या बोलीतला ‘आराम’ फिका पडेल. ‘स्वस्थता’ हा थोडा ठेवणीतला शब्द बरा, किंवा संदर्भ सोसत असेल तर ‘विसावा’.

तुमच्या तीन जागांपुरते: सरदारांच्या गीतात ‘सलोखा झाला’. म्हणीत ‘स्वस्थ’. आजारी माणसाच्या ओळीत मी ‘त्याला चैन पडेना’ असे क्रियापदाकडे वळवीन, कारण मराठीत नसलेली स्वस्थता नामाने सांगितली की वाक्य लाकडासारखे होते. फक्त त्या ओळीच्या आधीची दोन कडवी पुन्हा वाचा. आजाऱ्याच्या हातून कुणाचा खून झालेला असेल, किंवा वैरी अजून दाराबाहेर असेल, तर तो झोप मागत नाहीये, समेट मागतोय. मग ‘चैन’ काढा आणि ‘त्याचं कुणाशी मिटेना’ लिहा.